बत्तीस दाते की तीस

३ ऑगस्ट

प्रिय वॉर्डन,

अकरा वर्षांनी लिहितेय आणि तेही कामासाठी, तेव्हा आधी हॉस्टेलवर घालायचीस तशा मला दोन शिव्या घाल आणि मग पुढे वाच.

खरं तर फोन केला होता. तू उचललास, "मोठ्याने बोला" म्हणालीस. मी घसा फाडून माझं नाव सांगितलं, तर "पंक्चर असेल तर घेऊन या" म्हणून ठेवून दिलास. कान एवढे गेलेत? तेव्हा पत्रच बरं.

मुलगा परदेशी गेला तेव्हा त्याची डोंगरावर चालवायची गिअरची सायकल माझ्या व्हरांड्यात ठेवून गेला. "आई, विकू नकोस," म्हणाला. विकली नाही, पण चालवायला लागले. वय बासष्ट. हस पोटभर. हेल्मेट घातलं की मी झाकण ठेवलेल्या बरणीसारखी दिसते.

हौस म्हणून नाही गं. माझी ताई गेल्या वर्षापासून टेकडीवरच्या शुश्रूषागृहात आहे. तिचं विसरणं वाढलंय. तिथल्या नर्सबाई म्हणतात, वरचेवर समोर येणारी माणसं ती अजून ओळखते. ज्यांचं येणं थांबतं ती महिना-दीड महिन्यात पुसली जातात. म्हणून मी दर रविवारी जाते. पण एप्रिलमध्ये वाटेतला पूल खचला आणि बस बंद झाली. पुलावर फळ्या टाकल्यात, त्यांवरून माणूस जातो, सायकल जाते, मोटार जात नाही. सात किलोमीटर चढ. पायी जावं तर उतरताना गुडघे बोंबलतात. फोनवर ताई बोलतच नाही, नुसती कानाला धरून बसते. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जगाचे फोन जोडून दिले मी, आणि आता हे.

तर गेल्या रविवारी तिसऱ्या वळणावर जोर लावला आणि चेन खाडकन सटकली. मी रस्त्यावर. कोपर सोललं, बाकी ठीक. पायडलपाशी जी मोठी चक्री असते, चेनव्हील म्हणतात ना, तिचे दाते मांजराच्या नखांसारखे वाकलेत. इथला दुकानदार म्हणाला, "आजी, कशाला? बॅटरीची घ्या." आजी म्हणाला! मी तिथून निघाले.

तुझ्या वडिलांचं सायकलचं दुकान तू चालवतेस, तेव्हा सांग, कोणती चक्री घेऊ? चार बोल्ट आहेत. दाते तेहतीस. मागचं सगळं मुलाने जायच्या आधी नवं बसवलं होतं, पुढचं राहिलं.

एकटी जात नाही, काळजी नसावी. आम्ही चौघी मैत्रिणी मिळून जातो. मी मजेत आहे.

तुझी,
टाचणी

---

९ ऑगस्ट

टाचणे,

शिव्या घातल्या. आता कामाचं.

तेहतीस दाते असूच शकत नाहीत. पुढे एकच चक्री असलेल्या सायकलीत एक दाता जाड, एक बारीक, एक जाड, एक बारीक असे येतात, म्हणजे चेन उड्या मारून उतरत नाही. जोड्याच असतात, विषम आकडा येणार कुठून? तू पहिला दाता दोनदा मोजलास. गणितात सिस्टर तुला बाकावर उभं करायच्या ते उगाच नाही.

पहिल्या दात्यावर खूण कर. नेलपॉलिश म्हणणार होते, पण तुझ्या घरात ते नसणार. खडूने कर. मग मोज. दुसरं, समोरासमोरच्या दोन बोल्टांच्या मध्यापासून मध्यापर्यंत किती मिलिमीटर ते कळव. शिवणाची टेप नको, ती ताणलेली असते. पोलादी पट्टी घे. तिसरं, चढावर तू बसून पायडल मारतेस की उभी राहून? आणि वर पोहोचेपर्यंत किती वेळा उतरतेस? खरं सांग. चौथं, चेन कधी बदललीस?

हे कळल्याशिवाय चक्री घेऊ नकोस. त्या आजीवाल्याकडून तर अजिबात नको.

दुकानात ही गर्दी आहे. सकाळपासून मान वर करायला फुरसत नाही, म्हणून थोडक्यात लिहितेय. ताईला माझा नमस्कार सांग. सुटीत तू मला तुमच्या घरी न्यायचीस, तेव्हा ती माझ्याही वेण्या घालायची. इतक्या घट्ट की डोळे ताणले जायचे.

वॉर्डन

---

१४ ऑगस्ट

प्रिय वॉर्डन,

एवढ्या गर्दीत तू उलट टपाली लिहिलंस, मला फार बरं वाटलं.

बत्तीस! तूच बरोबर. परवा सकाळी आम्ही चौघींनी मिळून मोजले. व्हरांड्यात उजेड कमी, त्यात अर्धे दाते चेनखाली झाकलेले. डाव्या हाताने पायडल उलटं फिरवायचं, उजव्या हातात खडू, टॉर्च दातांत धरलेली. लाळ गळून गुडघ्यावर पडली, तरी आकडा तोंडातून सुटू दिला नाही. दोनदा मोजले, दोन्ही वेळा बत्तीस. बोल्टांचं अंतर एकशे चार.

मी बसूनच चालवते. उभी राहिले तर तोल जातो. आणि उतरणं... पूर्वी सातदा उतरायची, मग पाचवर आले होते. चेन मुलाच्याच वेळची आहे.

गेल्या रविवारी वर पोहोचले नाही. हलकेच पायडल मारत गेले, तरी तिसऱ्या वळणावर दोनदा सटकली. मैत्रिणी पुढे गेल्या, मी परतले. नर्सबाईंना फोन केला तर म्हणाल्या, ताई रोज सकाळी विचारते, "आज रविवार ना?" शुक्रवारीही विचारते. त्या म्हणाल्या, "अजून तुमचं नाव घेतात, पण लवकर या हो."

म्हणजे दोन रविवार गेले. म्हणून मला वाटतं, बत्तीसचीच घ्यावी. मुलाने विचार करूनच तो आकडा निवडला असेल. त्याची सायकल त्याच्यासारखीच राहू दे. तो परत आला की म्हणेल, आईने काही बिघडवलं नाही. त्याचा फोन येतो महिन्यातून एकदा. सायकलबद्दल नेहमी विचारतो, हवा भरतेस ना म्हणतो.

तुला काय वाटतं ते लगेच लिही. ताईला नमस्कार वर गेल्यावर सांगेन.

तुझी,
टाचणी

---

२० ऑगस्ट

टाचणे,

तीस. बत्तीस नाही.

तुझ्या मुलाचे पाय कसे होते मला माहीत नाही, पण त्याने बत्तीस निवडली ती त्याच्या मांड्यांना. पुढचे दाते जितके कमी, तितका चढ हलका लागतो. वेग कमी होतो, पण तुला कुठे शर्यत लावायचीय? अठ्ठावीस दिली असती, पण एकशे चारच्या भोकांना तीसच्या खाली जाता येत नाही, चेन बोल्टांवरच घासायला लागते. तेव्हा तीस. मुलगा आला की त्याची बत्तीस परत बसव आणि खुशाल दाखव. पण तो येईपर्यंत सायकल तुझी आहे, गुडघे तुझे आहेत.

चेनही बदलायची. जुनी चेन ताणून लांब झालेली असते, नव्या दात्यांवर ती बसत नाही. नवी चक्री आणि जुनी चेन म्हणजे पैसे पाण्यात आणि तू रस्त्यावर. दोन्ही पार्सलने पाठवलंय. चेन मापात तोडून दिलीय, एकही कडी कमी करू देऊ नकोस. बोल्ट आधी चारही हाताने लावायचे, मग समोरासमोरचे आवळायचे, एकामागून एक गोल फिरत नाही. चक्रीचा जाड दाता चेनच्या रुंद कडीतच बसला पाहिजे. बसवणाऱ्याच्या डोक्यावर उभी राहा.

आता दुसरी गोष्ट. चौघीजणी असताना टॉर्च तोंडात कशाला?

एकीने पायडल फिरवलं असतं, दुसरीने उजेड धरला असता, तिसरीने पहिल्या दात्यावर बोट ठेवलं असतं. पहिला दाता दोनदा मोजला जातो तो एकटीने मोजताना. माझ्यासमोर लोकांनी चाळीस वर्षं दाते मोजलेत. आणि "मी मजेत आहे" हे वाक्य कुणाचं ते मला विचारतेस? हॉस्टेलवर रविवारी सकाळी सिस्टर फळ्यावर लिहायच्या, ‘मी मजेत आहे, जेवण चांगले असते,’ आणि आपण साठजणी ते उतरवून घरी पाठवायचो. पत्रं वाचून मगच चिकटवायच्या ना त्या.

तू त्या रस्त्यावर एकटी पडलीस तर कळणार कुणाला?

वॉर्डन

---

१ सप्टेंबर

वॉर्डन,

तुझं पत्र आणि पार्सल काल संध्याकाळी मिळालं. उशीर झाला.

पत्राची वाट पाहवली नाही. शुक्रवारी त्याच दुकानातून बत्तीसची आणून बसवली. चेन तीच ठेवली. तो म्हणाला, "चालेल आजी," आणि मला ऐकायचं होतं तेच तो बोलला. काल रविवार. सपाटीवर सायकल करकरत होती, मला वाटलं नवी आहे, बसेल हळूहळू. पुलावरच्या फळ्या ओलांडल्या, पहिलं वळण, दुसरं वळण. तिसऱ्यावर सटकली नाही आणि मी मोठ्याने "वा गं!" म्हणाले. चौथ्यावर सटकली. या वेळी गुडघा.

तिथे एक मैलाचा दगड आहे, त्यावर बसून राहिले. किती वेळ ते माहीत नाही. वरून कुणी आलं नाही, खालून कुणी आलं नाही. शुश्रूषागृहाचं लाल छप्पर तिथून दिसतं. इतकं जवळ, की हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटतं. मारून पाहिली. कावळे उडाले.

मग ढकलत खाली आले, तर दारात तुझं पार्सल.

कुणी चौघी नाहीत. एक औषधांच्या दुकानातली बाई दोन रविवार आली होती, मग तिला नातू झाला. बाकीच्या दोघी मी आकडा बरा दिसावा म्हणून घातल्या. तुला हे पत्रातून कळलं याचा मला राग आला होता. रात्रभर तुझ्याशी भांडत होते मनातल्या मनात. सकाळी उठून पाहिलं तर घरात भांडायलाही तूच होतीस.

मुलाला कळवलेलं नाही. पडल्याचंही नाही. तो तिथून काय करणार?

पाच रविवार झाले, वॉर्डन. नर्सबाईंना आज फोन केला. ताईने या आठवड्यात माझं नाव घेतलं का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही या."

टाचणी

---

७ सप्टेंबर

अगं टाचणे,

गुडघ्याला काय लावलंस? हाड नीट आहे ना? हे आधी कळव.

मी फार शहाणपणा केला त्या पत्रात. तुला तोंडघशी पाडायला नको होतं. आणि अधिकार तरी काय होता मला? ऐक.

दुकान दोन वर्षांपूर्वी बंद झालं. तू फोन केलास तो घरातला. उचलला की तोंडातून पंक्चरच निघतं, सवय. गर्दी कसली? समोरच्या खिडकीत धोब्याचं मांजर येतं, त्यालाच गिऱ्हाईक म्हणायचं. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तीनदा वाचलं आणि पट्टी, पेन्सिल, जुनी मापाची वही सगळं काढून टेबलावर मांडलं. वहिनी आत डोकावून म्हणाली, "आज काय, दुकान मांडलंत?" मी म्हटलं, "हो, मोठं काम आलंय." तिने चहा आणून दिला, दुकानात आणायची तसा, काचेच्या ग्लासात.

कान गेले ते नुसते ऐकायचे गेले नाहीत. कानाच्या आत तोल सांभाळणारं काहीतरी असतं म्हणे, तेही गेलं. सरळ रस्त्यावर सायकलवर बसले की जग डावीकडे कलतं. दोन डॉक्टर झाले. आता बसायचं नाही, असं ठरलंय.

तुला पाठवलेली तीसची चक्री माझ्या सायकलची आहे. सहा महिनेच चालली होती, दाते नव्यासारखे आहेत, काळजी करू नकोस. आणि मागवायला दोन आठवडे गेले असते. तुझ्याकडे तेवढे आठवडे नव्हते.

काढताना हात जरा अडखळला, खोटं नाही सांगत. मग वेण्या आठवल्या. मला भेटायला घरचं कुणी यायचं नाही गं तेव्हा. सुटी संपून हॉस्टेलवर परतताना ताई म्हणायची, "दोघींनी एकमेकींच्या रिबिनी सांभाळा." म्हणजे मी धरून दोघी. तेव्हा ही चक्री तुला दिलेली नाही. ताईकडे जायला दिलीय.

बसवलीस की लिही. गुडघा बरा झाल्याशिवाय नको, असं लिहिणार होते. लिहीत नाही.

वॉर्डन

---

१७ सप्टेंबर

प्रिय वॉर्डन,

हाड नीट आहे. नुसती सूज होती, ती उतरली.

शनिवारी त्या दुकानदाराच्या डोक्यावर उभी राहून दोन्ही बसवून घेतलं. त्याने बोल्ट गोल फिरत आवळायला घेतले, मी म्हटलं, "समोरासमोर." त्याने वर पाहिलं. म्हणाला, "कुणी शिकवलं हो तुम्हाला?" आजी म्हणाला नाही.

रविवारी सातला निघाले. काय सांगू, चढावर कुणीतरी मागून हात लावून ढकलतंय असं वाटत होतं. सायकल गोगलगाईसारखी, पण थांबली नाही. तिसरं वळण, चौथं. त्या दगडापाशी मी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. फक्त दोनदा उतरले, त्यातलं एकदा पाणी प्यायला. आठ वाजून दहा मिनिटांनी फाटकात होते.

ताई व्हरांड्यातल्या खुर्चीत बसली होती. केस नीट विंचरलेले, मांडीवर शाल. मी हेल्मेट काढलं, घाम पुसला आणि म्हटलं, "ताई, मी आले."

तिने पाहिलं. अगदी नीट पाहिलं, आपण खिडकीवरच्या कारकुनाकडे पाहतो तसं. आणि म्हणाली, "या, बसा. एवढा चढ सायकलवर आलात? कमाल आहे बाई तुमची."

वॉर्डन, मला कळलं होतं. नर्सबाईंच्या "तुम्ही या" मध्येच कळलं होतं. तरी मी माझ्या मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाशी बोलतेय का म्हणून.

बसले. तिने पाणी मागवलं माझ्यासाठी. मग हळूच विचारलं, "तुम्ही खाली गावात जाता ना? एक काम कराल?"

म्हटलं, "करेन की."

"माझी धाकटी बहीण आहे हॉस्टेलवर. लहान आहे हो. दर रविवारी मी जाते तिला भेटायला. पण गाडी बंद आहे म्हणतात. कितीतरी रविवार झाले, मला जाता आलं नाही. ती फाटकाशी उभी राहत असेल. दुसऱ्यांची माणसं येतात, ती बघत राहत असेल."

मी म्हटलं, "मी सांगते तिला."

"रागावली असेल."

"नाही रागावली."

"तुम्हाला काय माहीत?" ताई एकदम चिडली, जुन्या ताईसारखी. "ती दाखवत नाही. आतल्या आत ठेवते. तिला सांगा, रस्ता झाला की पहिल्या गाडीने येते. रडू नकोस म्हणावं. आणि दूध पिते का विचारा."

नर्सबाई दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या.

तुझा नमस्कार सांगितला. वेण्यांचंही सांगितलं. ती तोंडभर हसली, पण कुणाचा नमस्कार ते विचारलं नाही.

मी उठले तेव्हा तिने माझा हात धरला. म्हणाली, "पुढच्या रविवारी याल ना? मग तिचं उत्तर घेऊन या. तोंडी नको हं, लोक मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगतात. तिच्या हातचं आणा. तिचं अक्षर मी कुठेही ओळखीन."

उतारावर ब्रेक धरून हळूहळू आले. फळ्यांवर सायकलवरून उतरून चालत गेले, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं म्हणून.

आज बुधवार. कोपऱ्यावरच्या दुकानातून दुरेघी वही आणलीय आणि शाई. माझं अक्षर आता तिला माहीत असलेलं राहिलेलं नाही. एक्स्चेंजमध्ये भराभर नोंदी करून ते लपेटदार झालं, आणि आता बोटं कापतात. तिला हवंय ते दहा वर्षांच्या मुलीचं, गोल, सुटं, काना सरळ रेघेत उतरलेला. दोन दिवस गिरवतेय. पहिली आठ पानं फुकट गेली.

‘प्रिय ताई’ एवढं जमलंय.

तुझी,
टाचणी